दुंब्याची चरबी

मेंढ्याचं डोकं कुणापुढे ठेवायचं यावरून घरात बरीच धुसफूस झाली होती. मान खरा बायमुरात मामांचा. म्हातारे झाक्सिलिक गेल्यापासून या घरात त्यांच्याहून वडीलधारा पुरुष उरला नव्हता. पण ऐन वेळी झाक्सिलिकांच्या थोरल्या मुलाने, एरमुखानने, परात उचलली आणि सरळ नोह बाईंपुढे ठेवली. मामांनी मग आपल्या चहाच्या वाटीत असं काही लक्ष घातलं की जणू तिच्यात कुणी बुडत होतं.

नोह बाई कोरियाहून आल्या होत्या. भाताच्या शेतांवर वरून नजर ठेवणारे त्यांच्या कंपनीचे चार उपग्रह कुणाच्या तरी रॉकेटवर चढायचे होते. कुणाच्या, याचा बराचसा निकाल उद्या सकाळी लागणार होता. तोरेताम गावाच्या पलीकडच्या माळावर एरमुखानच्या कंपनीचं नवं इंजिन उद्या पेटणार, विझणार आणि पुन्हा पेटणार होतं. हे पुन्हा पेटणंच महत्त्वाचं. वर जाऊन विझून परत पेटणारं इंजिन चार उपग्रहांना चार वेगळ्या वाटांवर सोडू शकतं. ज्याला ते जमत नाही ते सगळे एकाच ठिकाणी ओतून हात झटकतं. ते पाहून बाई दुपारच्या गाडीने निघणार होत्या, पुढे दुसऱ्या एका कंपनीचं इंजिन बघायला.

इंजिनाचं नाव झाक्सिलिक, म्हाताऱ्यांचंच. ही एरमुखानची हौस. ठरवताना एक गोष्ट त्याच्या डोक्यातच आली नाही. चाचणीची प्रमुख होती त्याच्या धाकट्या भावाची बायको शिनार, आणि सुनेने सासऱ्याचं नाव उच्चारायचं नसतं. शिनारने वाद घातला नाही. ती इंजिनाला 'थोरले' म्हणू लागली. थोरल्यांचा दाब उतरलाय, थोरल्यांना गार करा, थोरल्यांच्या जवळ सिगारेट ओढू नका. थोड्याच दिवसांत शेडमधली सगळी माणसं थोरलेच म्हणायला लागली, रशियनसुद्धा.

आत्ता मात्र शिनार प्रमुख नव्हती, सून होती. चहाच्या सामोवारपाशी बसून वाट्या भरत होती आणि सासूचं बोलणं बाईंना रशियनमध्ये सांगत होती.

सासू, उलबोसिन, आज भलतीच खुशीत होती. तिने दुंब्याच्या, म्हणजे जाड शेपटीच्या मेंढ्याच्या, शेपटीतल्या चरबीचा पांढरा, लुसलुशीत तुकडा कापून पाहुणीच्या पुढ्यात ठेवला.

"खा गं बाई. हाडाला चिकटेल जरा. अगदीच काडी आहेस. आज सकाळी मी ह्यांनाही त्यांचा वाटा देऊन आले."

शिनार सांगता सांगता थांबली. "कुणाला, एने?"

"ह्यांना. तुमच्या त्या लोखंडाला."

"वाटा म्हणजे?"

"चरबी. दुसरं काय देणार? नव्या छपराला लावली, नव्या मोटारीला लावली, तू या उंबऱ्यात आलीस तेव्हा तुझ्या कपाळाला लावली. मग नवऱ्याचं नाव दिलेल्या वस्तूलाच तेवढी कोरडी ठेवू होय?"

"कुठे लावलीत?" शिनारचा आवाज हलका होता, पण वाटी तिने खाली ठेवली होती.

"आत, त्या नळीत. एरमुखाननेच झाकण काढून दिलं." उलबोसिनने कौतुकाने उजवा हात वर धरला. "इथवर गेला, मनगटापर्यंत. वर वर फासलेला आशीर्वाद काय कामाचा?"

पलीकडे एरमुखान अचानक मामांना मांस वाढण्यात गुंतला. इतका वेळ त्याला मामांची आठवणही नव्हती. शिनारने ते पाहिलं. ती बाईंना "माफ करा हं, एवढ्यात आले" म्हणाली आणि उठली. सामोवार तसाच, निम्म्या वाट्या रिकाम्या, आणि सून दाराबाहेर. मामांनी इतका वेळ राखून ठेवलेला सगळा अपमान एका सुस्काऱ्यात बाहेर टाकला.

"घ्या," ते म्हणाले. "इंजिनवाल्या सुना."

---

एरमुखान मागच्या अंगणात आला तेव्हा शिनार सरपणाच्या ढिगापाशी उभी होती. तिला काय विचारायचं आहे ते त्याला ठाऊक होतं. सकाळपासून ठाऊक होतं. आईचा, त्याच्या आपाचा, हात नळीत शिरला तेव्हापासून तो स्वतःला समजावत होता की काही होत नाही.

"आगा, झाकण तुम्ही काढलंत?" तिने थोरल्या दिराला विचारलं.

"फोटो काढायचा होता. आपाचा हात आणि इंजिन. बाबांचं नाव आहे त्यावर. दोन मिनिटांचा प्रश्न होता."

"आणि चरबी?"

"मला काय माहीत ती पदरात चरबी बांधून आणेल? पण पुसली मी. लगेच पुसली."

"कशाने?"

एरमुखानचा हात नकळत कोटाच्या खिशाकडे गेला. "रुमालाने."

शिनार हसली. त्या हसण्यात हसण्यासारखं काही नव्हतं.

"त्या नळीतून द्रव ऑक्सिजन येतो, आगा. तिला हात लावण्याआधी आम्ही एकावर एक दोन हातमोजे चढवतो. आणि तुम्ही खिशातला रुमाल फिरवलात."

"पुसलं म्हणजे गेलं."

"पुसलं म्हणजे पसरलं. आधी एका जागी होती, आता पंपाच्या पात्यांपर्यंत गेली असेल. वर रुमालाचे धागे. ऑक्सिजनला आणि चरबीला पेटायला काडी लागत नाही, नुसता धक्का पुरतो. हे मी तुम्हाला शिकवायचं?"

नाही, शिकवायचं नव्हतं. एरमुखान हे सगळं शिकला होता, पंधरा वर्षं लोकांना शिकवतही होता. पण आधीचं इंजिन गेल्या हिवाळ्यात फुटलं तेव्हापासून त्याला झोपेतही एकच हिशेब दिसत असे. उद्या बाई रिकाम्या हाताने गेल्या की शेडला कुलूप. शेडमधली माणसं चांगली होती, त्यांना कुठेही काम मिळालं असतं. त्याला मिळालं नसतं. बाबांच्या नावाचं इंजिन भंगारात गेलं असतं आणि तोरेतामच्या बाजारात ते त्याला रोज कुणी ना कुणी ऐकवलं असतं.

"आता काय करायचं म्हणतेस?"

"उघडायचं. पंप उतरवायचा, धुवायचा, सुकवायचा, जोडून गळती तपासायची. आठ-दहा दिवस."

"बाई उद्या जातायत."

"जाऊ देत."

"जाऊ देत?" एरमुखानचा आवाज चढला. "आणि त्यांना सांगू काय? आमच्या आईने मेंढीची शेपटी चोळली म्हणून थांबलो? तिकडे जाऊन जन्मभर गोष्ट सांगतील आमची."

तेवढ्यात तोलेगेन बाहेर आला. शिनारचा नवरा जनावरांचा डॉक्टर. भावाचा आणि बायकोचा वाद लागला की आजारी गाईकडे बघावं तसं दोघांकडे आळीपाळीने बघायची त्याला सवय होती. "आत चहा कोण ओतणार विचारतायत," तो म्हणाला. मग दोघांची तोंडं पाहून त्याने काय झालं ते ऐकून घेतलं.

"शिनार, पाहुणी ताटावर बसलीय," तो म्हणाला. "जेवण उरकू दे. संध्याकाळी गुपचूप उघडून बघा. आपाला आत्ता कशाला दुखवायचं?"

"बघ," एरमुखान म्हणाला. "नवरा तरी शहाणा आहे तुझा."

"गुपचूप काही उघडता येत नाही. पंप उतरवला की उद्याची चाचणी नाही, हे सगळ्यांना दिसणारच."

"तर मग उतरवायचा नाही." एरमुखानने आवाज खाली आणला. तो खाली आला की माणसं जास्त घाबरत, हे त्याला माहीत होतं. "चाचणीची प्रमुख तू. कंपनी माझी. उद्या इंजिन पेटेल."

"पेटवा की." शिनार जागची हलली नाही. "पण माझ्याशिवाय पेटवा. आणि ऑक्सिजन सोडला की चौथऱ्यावर झडपा बघायला मुसा आणि वाल्या उभे असतात, त्यांना आत काय आहे ते तुमच्या तोंडाने सांगा. मग हवं तर पाठवा."

"मुसाला सांगितलंस?" तोलेगेनने विचारलं.

"काय सांगायचं त्याला? पुसलंय म्हटलं ना."

"आगा, मुसाला सांगितलंस का तू?"

एरमुखान सरपणाकडे बघत राहिला. तोलेगेनने मान डोलावली, दोन पावलं टाकली आणि बायकोच्या शेजारी जाऊन उभा राहिला. या घरात त्याने भावाची बाजू सोडण्याची ही पहिलीच वेळ. एरमुखानला ती पावलं थोबाडीत बसल्यासारखी लागली.

दारात मामा येऊन उभे होते. किती वेळ, कुणास ठाऊक.

"आशीर्वाद धुणार म्हणे," मामा म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या नावाला लावलेली चरबी, आणि ती सून पुसणार. माझ्या हयातीत असलं ऐकलं नव्हतं. या घराचं भलं होईल का रे?"

"आगांनी रुमालाने पुसली ती चालते का, मामा?" शिनारने विचारलं.

---

उलबोसिन खिडकीआड उभी राहून सगळं ऐकत होती. ऐकावं म्हणून आली नव्हती, पण चार माणसं एकामागून एक अंगणात गेल्यावर घरातली म्हातारी काय जागेवर बसून राहते?

आधी तिला रागच आला. माझा हात घाण? या हाताने दोन पोरं वाढवली, अर्ध्या गल्लीची बाळंतपणं काढली, आणि आता ही कालची मुलगी म्हणते माझ्या हाताने यंत्र बाटलं. ती ताडताड अंगणात आली. सुनेला चार शब्द सुनवायचे होते. ते जिभेवर आलेही होते.

पण 'ऑक्सिजन' हा शब्द तिच्या कानात अडकून बसला होता. तिचा नवरा जन्मभर तोच भरत आला. रॉकेटच्या टाक्यांत ऑक्सिजन भरणाऱ्या पाळीत त्याने केस पांढरे केले. त्या काळी कामाचं घरी बोलायची बंदी होती, आणि मुळात तो बोलणारा नव्हताच.

"केलिन," तिने सुनेला हाक मारली, "मला एक सांग. हे कामावरून आले की घरात शिरायचे नाहीत. ऐन थंडीत कोटाची बटणं सोडून अंगणात उभे राहायचे, हात झटकत. आत भाकरी गार व्हायची. का?"

शिनारला या प्रश्नाचा रोख कळायला क्षणभर लागला. "कोटात ऑक्सिजन मुरतो, एने. तसंच चुलीपाशी आले असते तर कोट अंगावरच पेटला असता. तो उडून जावा म्हणून उभे राहत असतील."

"आणि डब्यातल्या भाकरीला लोणी लावू द्यायचे नाहीत. कामावर जायच्या दिवशी पोराला उचलायचेही नाहीत माझ्या हातून. म्हणायचे, तुझे हात तेलकट आहेत."

"त्याच कारणाने."

उलबोसिन ओट्यावर बसली. उजवा हात तिने मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघत राहिली.

"मला वाटायचं, त्यांना माझ्या स्वयंपाकाची किळस येते," ती म्हणाली. "मोठ्या मोठ्या लोकांत वावरतात, आता घरचं लोणी वासट लागतं. किती वर्षं रुसून बसले मी त्या लोण्यावर. आणि त्यांनी एकदासुद्धा सांगितलं नाही."

तिला रडू आलं नाही, रागच आला, पण आता तो सुनेवर नव्हता. एवढ्या वर्षांनी मेलेल्या नवऱ्यावर चिडून काय करणार? ती उठली.

"पाहुणी एकटीच बसलीय आत. चल माझ्याबरोबर. मी बोलते, तू सांग."

"आपा, थांब," एरमुखान आडवा आला. "मी सांगतो काय ते. माझ्या पद्धतीने."

"तू सकाळी सांगायला हवं होतंस. माझ्या हातातून चरबी सुटली तेव्हाच म्हणायचं, आपा, चूक झाली. मी काय तुला खाल्लं असतं?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं. मग?"

आत नोह बाई एकट्याच परातीसमोर बसल्या होत्या. मेंढ्याच्या डोक्याचा कान कापून पोरांना द्यायचा असतो असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. त्या कान हातात धरून पोरांची वाट पाहत होत्या. उलबोसिन त्यांच्यासमोर बसली आणि कसलीही प्रस्तावना न करता बोलू लागली.

"बाई, मी आमच्या इंजिनात चरबी लावली. चांगल्या मनाने लावली, पण लावली. ऑक्सिजनच्या नळीत. माझ्या मोठ्या मुलाने ते पाहिलं आणि गप्प बसला, कारण तुम्ही आलात. धाकटी सून आत्ता सांगतेय की उद्या ते पेटवायचं नाही. ती सांगते ते खरं आहे. माझ्या नवऱ्याचंही तेच म्हणणं होतं, फक्त त्यांनी मला सांगितलं नव्हतं."

शिनारने प्रत्येक शब्द रशियनमध्ये तसाच्या तसा सांगितला. मोठ्या मुलाने पाहिलं आणि गप्प बसला, हेसुद्धा. सांगताना तिने एरमुखानकडे पाहिलं नाही. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा होता आणि आईच्या तोंडून आपली अब्रू जाताना ऐकत होता.

बाईंनी कान परातीत ठेवला. हात पुसले.

"तुम्हाला कधी कळलं?" त्यांनी शिनारला विचारलं.

"आत्ता. ताटावर."

"आणि आता?"

"आज उघडणार. उद्याची चाचणी होणार नाही."

"माझी गाडी उद्याची आहे," बाई म्हणाल्या. "ती बदलणं माझ्या हातात नाही. पुन्हा येईन असंही मी सांगू शकत नाही. पण उघडाल तेव्हा मला बघू द्याल का?"

"शिनार," मागून एरमुखान म्हणाला. "आपालाही येऊ दे."

---

शेडच्या खिडक्यांवर लोकरीचे जाड नमदे टांगून दुपारीच अंधार केला होता. सगळ्यांनी पांढरे अंगरखे घातले होते. उलबोसिनला तो पायघोळ झाला होता, आणि जमिनीवरच्या पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडे तिला खुर्ची दिली होती. मामा खरं तर येणार नव्हते, पण घरी एकटं बसून रागावण्यात त्यांना मजा वाटेना. ते दारात उभे राहिले आणि टोपी काढायला सांगितल्यावर कुरकुरले.

मुसा आणि वाल्याने नळी सोडवली. एरवी न दिसणारी चरबी अंधारात चमकवणारा जांभळा दिवा शिनारने पेटवून नळीत धरला.

आतला धातू काळा दिसत होता आणि त्यावर रुमालाचे धागे चमकत होते, पांढरे, असंख्य, सगळीकडे चिकटलेले. त्यांच्या खाली चरबीचा फिकट निळसर थर. सुरुवातीला बोटांच्या रेघा स्पष्ट होत्या. मग रुमालाचे वळसे. वळशांनी त्या रेघा आत आत ढकलल्या होत्या. पंपाच्या पहिल्या पात्यावर धाग्यांचा एक छोटा पुंजका बसला होता.

नोह बाई वाकून बघत होत्या. मुसाने बघितलं, मग वाल्याकडे बघितलं, आणि दोघेही उगाचच एकेक पाऊल मागे सरले.

"मी बघू का?" उलबोसिनने विचारलं. शिनारने तिला हाताला धरून पुढे आणलं. म्हातारीने वाकून पाहिलं. तिची करंगळी लहानपणापासून वाकडी होती, आणि नळीतली एक रेघही वाकडी होती.

"हा माझाच हात," ती म्हणाली.

शिनारने खोक्यातून पहिलं कापड काढलं. ताटावरून उठल्यापासून ती कुठेही अडली नव्हती. आता मात्र तिचा हात नळीच्या तोंडाशी येऊन थांबला. सगळं बरोबर होतं, उघडायचं तिनेच ठरवलं होतं, आणि तरीही सासूच्या देखत सासूचा आशीर्वाद पुसायला तिचा हात पुढे जाईना. त्या पात्यांपेक्षा तिला दारातले मामा जड झाले होते. पुढे कधी रॉकेट पडलं, गाय मेली, पोराला ताप आला, तरी त्यांच्या तोंडून आजचाच दिवस निघणार हे तिला कळत होतं.

"पूस गं," उलबोसिन म्हणाली. "मी सांगतेय ना."

"दे इकडे," एरमुखान म्हणाला.

त्याने हातमोजे कधी चढवले ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. एकावर एक, दोन. त्याने शिनारच्या हातातून कापड घेतलं.

"आगा, हे माझं काम आहे."

"काम तुझं. पुसणं माझं." मग दाराकडे वळून तो मोठ्याने म्हणाला, "मामा, नीट बघून ठेवा. थोरल्या मुलाने पुसलं. उद्या कुठे काही वाईट झालं तर माझं नाव घ्यायचं. हिचं नाही."

मामा दारातच टोपी हातात धरून बघत राहिले.

एरमुखान गुडघ्यावर बसला. अंगरख्याची बाही कोपरापर्यंत आत गेली, आणि तिथेच तो घुटमळला.

"कुठून सुरू करू?"

"सगळ्यात आतून," शिनार म्हणाली. "मग बाहेरच्या दिशेने. एकदा फिरवलेलं कापड पुन्हा लावायचं नाही."

त्याने कापड आत नेलं, अगदी पात्यापर्यंत, आणि सावकाश बाहेर ओढलं. दिव्याखाली धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ते बाजूच्या डब्यात टाकलं आणि मागे न बघता हात पुढे केला.

"दुसरं दे."